ओ न मिळालेली हाक

"पण पडत नाही म्हणजे बरं झालं, असंच ना मास्तर?"

 मास्तर पायरीवर बसून पावटे सोलत होते.

हेरंब टिपणीस पहाटेच्या गाडीने निघून घाटमाथ्यावरच्या या वाडीत आला होता. गाडी खालच्या फाट्यावर सोडून गेली. शेवटचा चढ तो पाठीवर यंत्राची पिशवी घेऊन चढला. पन्नाशीला टेकलेला माणूस, तरी वाटेत कुठे बसला नाही. दारात पोचल्यावर पाणीही न मागता त्याने बोलायला सुरुवात केली होती.

"पंधरवडाभर अखंड चालतंय. एकदाही पडलं नाही."

एक शेंग उकलली. दाणे वाडग्यात, साल टोपलीत.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की. काय पडत नाही?"

हेरंबने पिशवीतून यंत्र काढून ओटीवरच्या टेबलावर ठेवलं. दवाखान्यात खाटेशेजारी असतो तो मॉनिटर. नाडी दाखवणारा, श्वास मोजणारा, काही बिघडलं की ओरडणारा. त्याच्या पोटात एक छोटा कम्प्युटर असतो. त्या कम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम असते. आणि तिच्याही गाभ्यात असतं ते कर्नेल. बाकी काही कोसळलं तर कर्नेल सावरून घेतं. कर्नेल पडलं तर सावरायला कोणी उरत नाही.

ते एका तालुक्याच्या गावी पडलं होतं. रुग्णाची नाडी बुडत चालली होती आणि मॉनिटर गप्प उभा. सिस्टर दुसऱ्या खाटेपाशी होती, ती सहज वळली म्हणून तो म्हातारा वाचला. मग आणखी एका दवाखान्यातून तसाच निरोप आला. तिथे कोण वळलं होतं, हे हेरंबने विचारलं नाही.

"सोमवारी दुरुस्ती सगळीकडे पाठवायचीय," तो म्हणाला. "खाली तुमचं नाव हवंय."

मास्तरांचा हात थांबला. पुन्हा चालू झाला.

या धंद्यात एक रीत आहे. दुरुस्तीच्या पायाशी दोन नावं लिहितात. पहिलं, ज्याने ती लिहिली त्याचं. दुसरं, ज्याने ती स्वतः चालवून पाहिली त्याचं. ही माणसं एकमेकांना बहुधा कधी भेटत नाहीत. कुठल्या तरी देशातला कोणी तरी ते दुसरं नाव वाचतो आणि डोळे मिटून विश्वास टाकतो.

नानिवडेकर मास्तरांचं नाव एके काळी अशा पुष्कळ दुरुस्त्यांखाली असायचं. या कर्नेलचा एक कोपरा बरीच वर्षं त्यांच्या देखरेखीखाली होता. हेरंब त्यांच्याच हाताखाली शिकला. मग पीएच.डी. झाला, मोठ्या पगारावर गेला, त्याच्या हाताखाली माणसं आली. मास्तर निवृत्त झाले, बायको गेल्यावर इथे वर येऊन राहिले, आणि हळूहळू त्यांचं नाव कुठे दिसेनासं झालं. ते काय करतात असं कोणी विचारलं तर लोक म्हणत, "आहेत ना, वर आहेत." जणू ते वारले होते.

"कशाने पडत होतं?" मास्तरांनी विचारलं.

हेरंब याचीच वाट बघत होता. त्याने लॅपटॉप उघडला.

"दवाखान्यातून पडद्याचा फोटो आला होता. पडलं तेव्हा कर्नेल पडद्यावर चित्र काढत होतं. म्हणजे दोन कामं एकाच वेळी त्या चित्रावर तुटून पडत असणार. मी तिथे कुलूप घातलं. आता एक आत असेल तोवर दुसऱ्याला शिरता येत नाही. चार ओळी, मास्तर. माझ्या हाताखालच्या पोरांनी महिना घालवला, सापडलं नाही. मी एका बैठकीत काढलं."

"छान."

"मग नाव..."

"कुलूप काढ."

"काय?"

"काढ कुलूप. जुनं कर्नेल घाल. आणि पाडून दाखव."

हेरंब हसला. "मास्तर, मी बरं करून आणलंय. तुम्ही मला आजारी पाडायला सांगताय."

"हो."

"पण कशाला?"

"तू जे पाडू शकत नाहीस," मास्तर म्हणाले, "ते सावरलंस कसं म्हणतोस, डॉक्टरसाहेब?"

मास्तर त्याला डॉक्टरसाहेब म्हणायचे ते फक्त टोचायचं असलं की. हेरंबने मान खाली घातली. जुनं कर्नेल चढवलं.

यंत्राला एक डबी जोडलेली होती. ती खोटी नाडी पाठवायची. बराच वेळ ठीक, मग मुद्दाम नाडी खाली. नाडी खाली गेली की मॉनिटर ओरडायचा. हेरंबने हीच डबी पंधरवडाभर चालवली होती.

तो टेबलापाशी खुर्ची घेऊन बसला.

अलार्म वाजला. हेरंबने बटण दाबलं. गप्प झाला. नाडी पूर्ववत.

परत वाजला. गप्प झाला.

बाहेर कारवीच्या झुडपांतून वारा वाहत होता. दुसरा आवाज नव्हता. ना कुत्रं, ना रेडिओ. आसपासची दोन घरं बंद होती, त्यांची माणसं केव्हाच मुंबईला गेलेली. इतकी शांतता हेरंबला सोसवत नव्हती. मास्तर इथे दिवसचे दिवस कोणाशी बोलतात, असं त्याच्या मनात आलं. त्याने ते विचारलं नाही.

"पडलं?" आतून मास्तरांनी विचारलं.

"पडेल."

जेवायची वेळ झाली. पावट्याची उसळ, नाचणीची भाकरी. मास्तरांनी दोन ताटं घेतली, आणि दुसरं ताट फडक्याने पुसून घेतलं. बरेच दिवस वापरलेलं नसावं.

हेरंबने ताट टेबलावरच मागितलं. डाव्या हाताने बटण, उजव्या हाताने घास.

"पडलं?"

"...नाही."

"मग कुलूप नसतानाही चालतंय."

"इथली वीज वेगळी आहे. तिथे जनरेटर असतो. कदाचित गरमीने..."

"कदाचित," मास्तर म्हणाले.

हेरंबने हातातला घास ताटात ठेवला. कुलूप घालून पंधरवडाभर पडलं नाही. कुलूप काढूनही पडत नाही. मग त्या पंधरवड्याला काय अर्थ? त्याने काय बघितलं होतं इतके दिवस? माझ्या पोरांना सापडलं नाही, मी एका बैठकीत काढलं... त्याला स्वतःचीच वाक्यं ऐकू यायला लागली.

"मास्तर, मला कळत नाहीये."

मास्तर पहिल्यांदाच त्याच्या शेजारी येऊन बसले. खुर्ची एकच होती, म्हणून उलट्या घातलेल्या पिंपावर.

"खेळ चालू ठेव," ते म्हणाले. "मी नुसता बघतो."

ते बघत राहिले. पडद्याकडे नव्हे.

हेरंबचा फोन थरथरला. त्याने अंगठ्याने तो गप्प केला. नाव पाहिलं नव्हतं, पाहायची गरज नव्हती.

"कोण?"

"आई. या वेळेला करते रोज. करीन नंतर."

"करतोस?"

"काय?"

"नंतर."

 तेवढ्यात मॉनिटर ओरडला. हेरंबचा तोच अंगठा बटणाकडे गेला...

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"मास्तर?"

मास्तरांनी पकड घट्ट केली.

"अहो, वाजतोय."

"वाजू दे."

"पण..."

"अरे, तू कोण आहेस? सिस्टर आहेस? तिच्याकडे वीस खाटा आहेत. ती आता तिकडे टोकाला आहे. आता काय होतं?"

अलार्म वाजत राहिला. हेरंबला कळलं की हा आवाज त्याने कधीच पुरा ऐकलेला नाही. त्याच्या ऑफिसात चार माणसं कामं करत असत, त्यांच्या कानाशी ओरडू नये म्हणून तो पहिल्याच सुराला बटण दाबायचा. त्याची पोरंही तसंच करत. कोणी कोणाला तसं सांगितलं नव्हतं. सवय होती. इतकी साधी सवय की तपासणीत काय काय केलं ते सांगताना तो ती कधी सांगायचा नाही.

ओ आली नाही, तसा मॉनिटरने सूर चढवला. हे त्याच्या रचनेतच होतं. कोणी आलं नाही तर मोठ्याने हाक मारायची. तरी नाही आलं तर आणखी मोठ्याने.

मास्तरांची बोटं म्हाताऱ्याची होती, पण पकड सुटली नाही.

सूर आणखी चढला. ओटी भरून गेली. हेरंबने डोळे मिटले.

आणि मग काही नाही.

त्याने डोळे उघडले. नाडीची रेघ अर्ध्यात थांबली होती. डबीवरचा आकडा उतरत चालला होता, उतरत चालला होता. पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता.

मास्तरांनी मनगट सोडलं.

"पडलं," ते म्हणाले.

हेरंब त्या न हलणाऱ्या आकड्याकडे बघत बसला. आत कोणी नाही, आणि चेहरा तसाच. त्या तालुक्याच्या गावी सिस्टर सहज वळली, तेव्हा तिला हाच चेहरा दिसला असणार.



"आता तुझं कुलूप घाल," मास्तर म्हणाले.

हेरंबने आपली दुरुस्ती चढवली. अलार्म वाजला. या खेपेला त्याचं मनगट कोणी धरलं नाही. त्याने स्वतःच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

सूर चढला. चढला.

थांबला.

"माझ्या चार ओळी..." हेरंब म्हणाला. पडद्यावरचा आकडा पुन्हा जागीच थांबला होता.

"कुलूप चांगलं आहे. दार चुकलं."

"पण फोटोत दिसत होतं ना! चित्र काढतानाच पडलं होतं!"

"पडलं तिथेच त्याला ठेच लागली होती, हे कोणी सांगितलं तुला?"

पडताना हे कर्नेल आपले शेवटचे शब्द स्मरणातल्या एका राखीव कोपऱ्यात टाकून जायचं. यंत्र पुन्हा चालू केलं की ते वाचता येत. पंधरवडाभर हेरंबकडे ते शब्द नव्हते, कारण त्याच्या टेबलावर कोणी पडलंच नव्हतं. आता होते. तो वाचायला बसला. पहिली ओळ वाचून थांबला नाही. खाली गेला, आणखी खाली, पडण्याच्या आधी काय चाललं होतं तिथवर.

मास्तर पुन्हा पायरीवर जाऊन बसले. सोलायला आता काही नव्हतं. ते नुसतेच बसले.

उन्हं कलली तेव्हा हेरंब बाहेर आला.

"सापडलं."

"सांग."

"पहिली हाक मारताना कर्नेल स्मरणात थोडी जागा घेतं. कोणी ओ दिली नाही की दुसरी, मोठी हाक मारायची. तेव्हा ते पहिलीची जागा परत करून टाकतं. पण पडद्यावर चित्र काढणारा भाग अजून त्याच जागेकडे बघत असतो. लॉजवाल्याने पाहुणा आत असतानाच खोली दुसऱ्याला द्यावी, तसं. बटण दाबलं तर सगळं नीट आवरलं जातं. नाही दाबलं तरच..."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी आलं तर ते कधीच पडत नाही." हेरंबचा आवाज बारीक झाला. "कोणी आलं नाही तरच पडतं."

मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते कळलं नाही.

नवी दुरुस्ती दोनच ओळींची झाली. आत कोणी आहे का ते आधी बघायचं, मग जागा परत करायची. कुलूप त्याने काढून टाकलं. ते काढताना त्याला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही.

यंत्र चालू केलं. नाडी बुडाली. अलार्म वाजला. सूर चढला, आणखी चढला, आणि चढलेलाच राहिला. पडद्यावरचा आकडा डबीवरच्या आकड्याबरोबर उतरत होता. रेघ चालत होती.

"उभं आहे!" हेरंब ओरडला. "मास्तर, उभं आहे!"

"जुनं घाल."

"पुन्हा?"

"अजून पडतंय ना ते, बघ. नाही तर तुझं हे उभं राहिलेलं कशाच्या जोरावर म्हणायचं?"

जुनं घातलं. पडलं. नवं घातलं. उभं राहिलं. मास्तरांनी पुन्हा जुनं घालायला लावलं, पुन्हा नवं. मधे एकदा त्यांनी डबीची तार उपटली, एकदा यंत्राची वीज घालवून बॅटरीवर सोडलं, एकदा चढल्या सुरातच बटण दाबायला सांगितलं. जुनं कधी लगेच पडे, कधी बरंच ओरडून पडे. पण पडे. नवं पडलं नाही.

हेरंब कंटाळला नाही. सकाळी तो कंटाळला असता.

"पुरे का, मास्तर?"

"माझ्या बुद्धीला इतकंच सुचतं," मास्तर म्हणाले. "आणखी एखादी वाट असेल. मला दिसत नाहीये, म्हणजे नाहीच असं नाही. तुझ्या पोरांना पाडायला सांग. बरं करायला सांगू नकोस."

"सांगतो."

"आणि बटण दाबायचं नाही."

"नाही मास्तर."

संध्याकाळ उतरायला लागली होती. खालच्या फाट्यावर शेवटची गाडी यायला थोडा वेळ होता. हेरंबने लॅपटॉप मांडीवर घेतला, दुरुस्तीच्या पायाशी आपलं नाव लिहिलं. खालची ओळ मोकळी ठेवली.

टेबलावर नवं कर्नेल चालू होतं. नाडी बुडालेली, सूर चढलेला. हाक, मग हाक, मग हाक. दरीकडे जात होती आणि कुठे आपटूनही येत नव्हती.

यंत्र चांगलं चाललं होतं. हेरंबला आनंद व्हायला हवा होता.

त्याने मास्तरांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, आवाजाकडे कान देऊन, जणू घरात बऱ्याच दिवसांनी कोणी बोलत होतं. मफलर सुटून खांद्यावर आला होता. या चढावर, या बंद घरांच्या मधे, हा माणूस एखाद्या दिवशी पायरीवरून घसरला तर...

"मास्तर, बंद करू का ते? ऐकवत नाही."

"का? पडलं?"

"नाही. ते पडणार नाही आता."

"मग?"



"ते रात्रभर ओरडत राहील, मास्तर. चुकणार नाही, थकणार नाही. पण... कोणी तरी यायला हवं ना? येईल ना कोणी?"

 हाका चालू होत्या.

"पडत नाही, याच्याखाली माझं नाव घाल," ते म्हणाले. "कोणी येईल, याच्याखाली नको."